एकच प्रश्न, दोन उत्तरें

पेढीवर बसणाऱ्या जुन्या मुनिमांची एक रीत असे. संध्याकाळीं रोजमेळ जुळला नाहीं, तर ते पुन्हां पुन्हां बेरीज करीत बसत नसत. तीच बेरीज दोनदां केली आणि दोन्ही वेळां तोच आंकडा आला, म्हणजे बेरजेवरचा संशय ते सोडून देत. कीर्द उघडीत आणि एकेका रकमेवर बोट ठेवून ती खतावणीशीं ताडून पाहत. चूक बेरजेंत क्वचित् असते, नोंदींत बहुधा असते, हा त्यांचा अनुभव होता. आज बहुतेक पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत कीर्दीची जागा संगणकानें घेतली आहे. संगणक बेरजेंत चुकत नाहीं ही समजूत बव्हंशीं खरी आहे. आणि म्हणूनच तोच प्रश्न दोनदां विचारला असतां त्यानें दोन निराळीं उत्तरें दिलीं, कीं माणूस गोंधळून जातो. "यंत्राची लहर फिरली" असें म्हणून तो यंत्र बंद करतो, पुन्हां चालू करतो, आणि योगायोगानें उत्तर बरोबर आलें तर दोष गेला असें मानतो. दोष मात्र तेथेंच असतो.

हा दोष कसा उत्पन्न होतो आणि तो कसा शोधावा, हें समजण्यासाठीं एक कचेरी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. ती यवतमाळ जिल्ह्यांत, दारव्हा, वणी किंवा पुसद यांसारख्या एखाद्या तालुक्याच्या गांवीं आहे, असें समजावें. जिल्हा कापसाचा; कचेरी एका सहकारी संस्थेची. आसपासच्या गांवांतील सभासद शेतकऱ्यांचीं नांवें, त्यांच्या जमिनीचे गट क्रमांक आणि त्यांचें येणें-देणें संगणकांत नोंदलेलें आहे. खिडकीपाशीं एक वृद्ध शेतकरी येतो. त्याचें आडनांव वऱ्हाडे, आणि त्याच्या शेताचा क्रमांक १२/१, म्हणजे बाराव्या गटाचा पहिला हिस्सा.

"भाऊ, माह्यं नाव यादीत हाये का नाई, पाहून सांग ना," तो म्हणतो.

कारकून गांवाचें नांव व गट क्रमांक टाइप करतो. पडद्यावर शेजारच्या शेतकऱ्याचें नांव येतें.

"काका, या गटावर तर दुसऱ्याचंच नाव दाखवते."

"असं कसं? सोमवारी याच खिडकीवर माह्यं नाव दिसलं होतं. वावर तेच, कागद तेच. मंग नाव कसं बदललं?"

म्हाताऱ्याचा प्रश्न साधा आहे, पण त्यांत पुष्कळ कांहीं अडकलेलें आहे. २०१७ सालच्या जून महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली, तेव्हां कर्जमाफीचे अर्ज संगणकावरूनच मागविण्यांत आले. २०१९ च्या डिसेंबरांत जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंतहि खातेदारांच्या याद्या संगणकावरच तयार झाल्या आणि आधार क्रमांकावरून खातेदाराची ओळख पटविण्यांत आली. सातबाराचा उताराहि २०१८ पासून संगणकीय सहीनिशीं मिळूं लागला आहे. अशा काळांत यादींतील एक ओळ म्हणजे एका घराचें वर्ष असतें. ती ओळ सोमवारीं दिसावी आणि बुधवारीं दिसूं नये, हें चालण्यासारखें नाहीं.

कारकुनानें टाइप केलेला क्रमांक कोणत्या वाटेनें जातो, तें प्रथम पाहिलें पाहिजे. या वाटेवर तिघे आहेत. पहिला प्रोग्राम. तो पीएचपी नांवाच्या भाषेंत लिहिलेला आहे असें धरावें. ही भाषा रासमुस लेर्डोर्फ या गृहस्थानें १९९५ सालीं लोकांपुढें आणली. तींत लिहिलेल्या आज्ञा संगणक आयत्या वेळीं वाचून अमलांत आणतो. अशा भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. लहान कचेऱ्यांना त्या सोयीच्या पडतात, कारण त्यांत लिहिणें सोपें असतें आणि दुरुस्ती तत्काळ करतां येते.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला डेटाबेस, म्हणजे नोंदींचें कोठार. नोंदी तक्त्यांच्या रूपानें ठेवण्याची कल्पना आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यानें १९७० सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली, आणि त्याच कंपनींतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच आज एसक्यूएल या नांवानें ओळखली जाते. मायएसक्यूएल हें या जातीचें एक कोठार स्वीडनमध्यें १९९५ च्या सुमारास तयार झालें. त्याच्या नांवांतील 'माय' हें त्याच्या कर्त्यांपैकीं मायकेल विडेनियस याच्या मुलीचें नांव होय.

या दोघांच्या मध्यें तिसरा असतो. प्रोग्राम पीएचपी बोलतो, कोठार आपली भाषा बोलतें; तेव्हां एकाचें म्हणणें दुसऱ्याला सांगणारा दुभाषी लागतो. पीएचपीला जोडलेल्या या भागास एक्स्टेन्शन म्हणतात. मायएसक्यूएलसाठीं असलेला जुना दुभाषी २०१५ सालीं पीएचपीच्या सातव्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. त्याच्या जागीं मायएसक्यूएलआय आणि पीडीओ हे दोन दुभाषी काम करतात.

सगळ्या विषयाचें मर्म येथें आहे. कोठाराला कारकुनाचा प्रश्न कधींच ऐकूं येत नाहीं. त्याला दुभाष्यानें सांगितलेला प्रश्न ऐकूं येतो. कारकुनाच्या खुर्चीवरून जो प्रश्न "तोच" दिसतो, तो कोठाराच्या दारापर्यंत जातां जातां निराळा झालेला असूं शकतो. शब्द तेच असतात. पण किंमत आंकडा म्हणून पाठविली कीं मजकूर म्हणून, बोलणें कोणत्या लिपींत चाललें आहे, त्या क्षणीं वही कोणत्या अवस्थेंत आहे, आणि मागच्या प्रश्नाचें कांहीं उरलें आहे काय, या न दिसणाऱ्या गोष्टीहि प्रश्नाचाच भाग असतात. त्यांपैकीं एक बदलली कीं उत्तर बदलतें.

प्रथम आंकडा आणि मजकूर यांचा भेद घ्यावा. गट क्रमांकाला आपण क्रमांक म्हणतों खरें, पण तो आंकडा नव्हे. त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाहीं, आणि १२, १२/१, १२/२, १२अ अशीं त्याचीं रूपें असतात. म्हणून कोठारांत तो मजकुराच्या रकान्यांत ठेवलेला असतो, आणि तें योग्यच आहे. परंतु प्रोग्राम लिहिणाऱ्यानें दुभाष्याला किंमत देतांना तिची जात सांगावी लागते. मायएसक्यूएलआयमध्यें पूर्णांकासाठीं 'आय' आणि मजकुरासाठीं 'एस' असें एकेक इंग्रजी अक्षर लिहावें लागतें. 'क्रमांक' हा शब्द पाहून लिहिणाऱ्यानें 'आय' लिहिलें, कीं अनर्थाला आरंभ होतो. १२/१ हा मजकूर पूर्णांक करतांना दुभाषी डावीकडून अंक वाचीत जातो आणि तिरप्या रेघेपाशीं थांबतो. हातीं उरतात बारा. यांत कांहीं गमावलें, अशी तक्रार तो करीत नाहीं.

आतां कोठाराकडे प्रश्न जातो तो असा: या गांवांत ज्यांचा गट क्रमांक बारा आहे अशा नोंदी द्या. कोठारापुढें एका बाजूला आंकडा आणि दुसऱ्या बाजूला मजकूर आहे. दोहोंची तुलना करण्यासाठीं तें मजकुराचा आंकडा करतें, आणि तोहि त्याच रीतीनें: आरंभींचे अंक घ्यावयाचे, पुढचें सोडून द्यावयाचें. मग १२ चे बारा, १२/१ चे बारा, १२/२ चे बारा आणि १२अ चेहि बारा! चार नोंदी प्रश्नाला उतरतात. ११२ मात्र उतरत नाहीं, त्यामुळें उत्तर वरवर पाहणाऱ्यास वेडगळ वाटत नाहीं. याच कचेरींतील दुसऱ्या पानावर, निराळ्या दिवशीं लिहिलेल्या प्रोग्रामांत, 'एस' हें अक्षर असेल तर तेथें एकच नोंद येते, आणि ती बरोबर असते. एका पानावर चार, दुसऱ्यावर एक. आणि प्रश्न विचारणारा शपथेवर सांगतो कीं आपण दोन्हीकडे १२/१ हेंच टाइप केलें.

परंतु म्हाताऱ्याचें गाऱ्हाणें याहून सूक्ष्म आहे. त्याला त्याच खिडकीवर, त्याच पानावर, सोमवारीं एक आणि बुधवारीं दुसरें उत्तर मिळालें. याचें कारण क्रमांत आहे. गटावर एकच नोंद असणार या समजुतीनें प्रोग्राम आलेल्या नोंदींपैकीं पहिली तेवढी दाखवितो. पण पहिली म्हणजे कोणती? ज्या प्रश्नांत क्रम सांगितलेला नाहीं, त्याच्या उत्तराला क्रम नसतो, हा एसक्यूएलचा नियमच आहे. कोठार ज्या वाटेनें नोंदी काढणें सोपें वाटेल त्या वाटेनें त्या काढतें. सोमवारीं तें नोंदी ज्या अनुक्रमानें भरल्या होत्या त्या अनुक्रमानें वाचीत होतें, आणि वऱ्हाडे यांची नोंद आधीं भरलेली होती. मंगळवारीं कोणीतरी काम जलद व्हावें म्हणून गांव आणि नांव यांवर एक सूची, म्हणजे इंडेक्स, तयार केली. बुधवारीं कोठारानें ती नवी वाट धरली, नोंदी नांवांच्या क्रमानें आल्या, आणि शेजाऱ्याचें नांव वर्णक्रमांत आधीं असल्यामुळें तें पहिलें लागलें. नोंदीला कोणी हात लावला नाहीं, प्रोग्रामाला कोणी हात लावला नाहीं. तरी उत्तर बदललें. ज्यानें सूची केली त्याला आपण कांहीं बिघडविलें याची कल्पनाहि नसते, आणि त्यानें खरोखर बिघडविलेलें नसतेंच. त्यानें फक्त झांकलेली चूक उघडी केली.

प्रोग्राम चालू करण्यापूर्वीं त्याची परीक्षा झाली नसेल काय? झाली असेल, पण परीक्षेसाठीं माणूस सोपे क्रमांक घेतो. ४५ हा गट, ज्याचे हिस्से पडलेले नाहींत, आंकडा म्हणून पाठविला काय आणि मजकूर म्हणून पाठविला काय, एकच नोंद देतो. ज्या जमिनीच्या भावाभावांत वांटण्या झाल्या आहेत, त्याच जमिनी या चुकींत सांपडतात. म्हणजे चुकीचा फटका सर्वांना सारखा न बसतां लहान तुकडा वांट्याला आलेल्या शेतकऱ्याला नेमका बसतो.

आतांपर्यंत क्रमांक इंग्रजी वळणाच्या अंकांनीं टाइप केला असें गृहीत धरलें. तोच मराठी अंकांनीं टाइप केला तर? पीएचपी आणि मायएसक्यूएल हीं दोन्ही आंकडा ओळखतात तीं केवळ इंग्रजी वळणाच्या अंकांवरून. देवनागरी '१२' त्यांच्या लेखीं अक्षरेंच, आणि ज्या मजकुराच्या आरंभीं अंक नाहीं त्याचा आंकडा शून्य. तेव्हां देवनागरी १२/१ चा पूर्णांक करूं जातां शून्य होतो. कोठार शून्याशीं तुलना करतें. आणि त्या गांवांत ज्या ज्या नोंदी कोणीं देवनागरी अंकांनीं भरल्या असतील त्या सगळ्या, मग त्यांचा गट कोणताहि असो, शून्य ठरून उत्तरांत येतात. ही अडचण मराठींत काम करणाऱ्या कचेरीचीच आहे. बाहेर लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा सांपडणार नाहीं.

गटावरून नांव सांपडत नाहीं असें पाहून कारकून नांवावरून शोधूं लागतो, आणि तेथें दुसरें संकट उभें राहतें. 'वऱ्हाडे' या आडनांवांतील, आणि ज्या प्रांतांत यवतमाळ आहे त्या 'वऱ्हाड' या नांवांतीलहि, अर्धा र मराठीचा खास आहे. संगणकाच्या युनिकोड नांवाच्या संकेतांत तो दोन प्रकारांनीं लिहितां येतो. एका प्रकारांत 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्ताचें चिन्ह लावतात. दुसऱ्यांत साधा 'र' घेऊन हलन्तापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदीं एकसारखीं दिसतात. कोणतें उमटेल तें कळफलकाच्या रचनेवर अवलंबून असतें. संगणकाच्या पोटांत मात्र तीं दोन निराळीं अक्षरमाला होत. कोठाराला अक्षरशः तुलना करण्याचा हुकूम असेल, तर एका कळफलकावर भरलेलें नांव दुसऱ्या कळफलकावरून शोधतां सांपडत नाहीं. युनिकोडच्या तुलनानियमांवर आधारलेला क्रम निवडला असेल, तर तें सांपडूं शकतें. म्हणून एका टेबलावरच्या संगणकावर वऱ्हाडे आहेत आणि पलीकडच्या टेबलावर नाहींत, असा चमत्कार घडतो.

लिपीचा घोटाळा याहून खोलहि जातो. दुभाषी कोठाराशीं बोलणें सुरू करतो तेव्हां कोणत्या लिपिसंकेतांत बोलावयाचें तें ठरलेलें असावें लागतें. मायएसक्यूएलचा पूर्वींचा ठराविक संकेत युरोपीय अक्षरांचा होता. २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपासून तो जगांतील सर्व लिपींना पुरणारा झाला. सध्यां रूढ असलेल्या पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन घटक, लागतात. बोलण्याचा संकेत युरोपीय ठरला, तर हे तीन घटक तीन निराळीं अक्षरें समजले जातात. लिहितांना आणि वाचतांना तीच चूक झाली, तर चुका एकमेकींना फेडतात आणि पडद्यावर मराठी शुद्ध दिसतें. पण योग्य संकेतानें वाचणारा दुसरा प्रोग्राम आला कीं त्याला गिचमीड दिसते. कांहीं रचनांत तर न समजलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागीं प्रश्नचिन्ह साठविलें जातें. मग मूळ नांव परत मिळत नाहीं, आणि तितक्याच चिन्हांचीं सगळीं नांवें कोठाराच्या दृष्टीनें एकच होतात.

काळाचा भागहि थोडक्यांत सांगितला पाहिजे. एकाच वेळीं पुष्कळ कारकून वहींत लिहीत असतात. त्यांनीं एकमेकांच्या अर्धवट नोंदी वाचूं नयेत म्हणून कोठार एक सोय करतें: कामाचा एक संच सुरू करून एखाद्यानें पहिल्यांदा वही वाचली, कीं तो संच संपेपर्यंत त्याला त्या क्षणाचीच वही दिसत राहते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या नेहमींच्या साठवणपद्धतींत हीच रीत ठराविक आहे. शेजारच्या टेबलावर दुरुस्ती झालेली असूनहि जुनीच नोंद दिसते, ती बहुधा यामुळें. ही चूक नव्हे. पण ती माहीत नसली तर चूक वाटते.

शेवटचें आणि सर्वांत घातक कारण म्हणजे मौन. मागच्या प्रश्नाचें उत्तर पुरतें वाचून न घेतां त्याच जोडणीवर पुढचा प्रश्न विचारला, तर मायएसक्यूएल तो नाकारतें आणि आज्ञांचा क्रम चुकला अशी तक्रार करतें. तक्रार दुभाष्यापाशीं येते. पण ती पुढें सांगावयाची कीं नाहीं, हें प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोंपविलेलें असे. त्यानें विचारलें नाहीं, तर दुभाषी फक्त "नाहीं" एवढेंच परत करी, आणि प्रोग्राम त्याचा अर्थ "नोंद नाहीं" असा करी. प्रश्न विचारलाच गेला नाहीं आणि प्रश्नाचें उत्तर नकारार्थी आलें, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, पण खिडकीवर दोन्हींचा अर्थ एकच होतो: "काका, तुमचं नाव नाही." २०२१ सालीं निघालेल्या पीएचपीच्या ८.१ आवृत्तींत मायएसक्यूएलआयची ही संवय बदलण्यांत आली; आतां तक्रार आली कीं काम तेथेंच थांबतें. जुने प्रोग्राम या आवृत्तीवर आणतांच कांहींजण "नव्या आवृत्तीनें सगळें मोडलें" असें म्हणतात. वस्तुतः जें आधींपासून मोडलेलें होतें, तें आतां बोलूं लागलेलें असतें.

इतकीं कारणें असतां शोध कोठून सुरू करावा? मुनिमाच्या रीतीनेंच. पहिली गोष्ट, यंत्र बंद करून पुन्हां चालू करण्याचा मोह आवरावा. त्यानें पुरावा पुसला जातो. कोणत्या संगणकावर, कोणत्या पानावर, कोणत्या वेळीं, नेमकें काय टाइप केलें आणि काय आलें, तें कागदावर लिहून ठेवावें. "कधींकधीं चुकतें" या वाक्यानें शोध होत नाहीं. "गट १२/१ ला बुधवारीं चुकलें, ४५ ला चुकलें नाहीं" या वाक्यानें अर्धा शोध होतो.

दुसरी गोष्ट, कोठाराची कीर्द उघडावी. मायएसक्यूएलमध्यें आलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा उतरवून ठेवणारी एक नोंदवही असते. तिला सर्वसाधारण लॉग म्हणतात. ती एरवीं बंद असते. थोडा वेळ चालू करून चुकणारा प्रश्न एकदां विचारावा आणि कोठारानें खरोखर काय ऐकलें तें वाचावें. आपल्या उदाहरणांत तेथें १२/१ न दिसतां नुसते बारा दिसतील, आणि तर्काच्या दहा तासांचें काम एका ओळीनें होईल. काम होतांच ही वही बंद करावी. ती कोठाराचा वेग कमी करते, शिवाय तींत लोकांचीं नांवें व खातीं उघडीं पडलेलीं असतात.

तिसरी गोष्ट, दुभाष्याला बाजूला सारून तोच प्रश्न कोठाराला थेट विचारावा. उत्तर स्थिर आणि बरोबर आलें, तर दोष वाटेंत आहे. तेथेंहि डळमळलें, तर दोष प्रश्नांत किंवा नोंदींत आहे. मग लाखों नोंदींच्या तक्त्याऐवजीं पांच नोंदींचा तक्ता करावा: १२, १२/१, १२/२, १२अ आणि ११२. एवढ्यावर चूक पुन्हां घडवितां आली, म्हणजे ती मुठींत आली.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, कारण तिला धीर लागतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आपल्या कचेरींत कारणें एकावर एक रचलेलीं आहेत. घाबरून कोणीं मंगळवारची सूची काढून टाकली, तर वऱ्हाडे पुन्हां दिसूं लागतील, सर्वांना समाधान होईल, आणि १२/२ चा मालक आला कीं त्यालाहि वऱ्हाडेच दिसतील. याउलट प्रश्नांत नांवाचा क्रम सांगून टाकला, तर शेजाऱ्याचें नांव दर वेळीं येऊं लागेल. वरवर पाहतां हें बिघडणेंच. पण शोधणाऱ्याच्या दृष्टीनें ही पहिली जीत आहे. चुकीचें असलें तरी स्थिर झालेलें उत्तर हाताशीं धरतां येतें. डळमळणारें बरोबर उत्तर धरतां येत नाहीं. त्यानंतर 'आय' च्या जागीं 'एस' केलें, कीं चारांच्या जागीं एक नोंद येते आणि ती खरी असते.

दुरुस्ती मात्र तेवढ्यावर थांबूं नये. जेथें एकच नोंद अपेक्षित आहे तेथें किती आल्या तें मोजावें, आणि एकाहून अधिक आल्या तर पहिली दाखविण्याऐवजीं थांबून तसें स्पष्ट सांगावें. जोडणी होतांच लिपिसंकेत निश्चित करावा. नांवें भरतांना अर्ध्या र चें एकच रूप आणि अंकांचें एकच वळण ठेवावें. जुन्या नोंदीहि त्याप्रमाणें एकसारख्या करून घ्याव्या. तक्रारी ऐकूं येतील अशी व्यवस्था करावी. आणि १२/१ हा क्रमांक परीक्षेच्या यादींत कायमचा घालून ठेवावा, म्हणजे उद्यां दुसऱ्या कोणीं पुन्हां 'आय' लिहिलें तर तें शेतकऱ्याच्या आधीं परीक्षकाला कळेल.

एवढें झाल्यावर तो म्हातारा पुन्हां खिडकीपाशीं आला, तर त्याला त्याचें नांव दिसेल, आणि पुढच्या सोमवारींहि दिसेल. कारकुनानें त्या दिवशीं त्याला "तुम्हीच चुकीचं पाहिलं असेल, काका" असें म्हणून परत पाठविलें असतें, तर हा शोध कधींच सुरू झाला नसता. "वावर तेच, कागद तेच, मंग नाव कसं बदललं?" हा त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. मूळ वस्तु बदलली नाहीं आणि उत्तर बदललें, तर मधल्या वाटेवर कांहींतरी बदललें असलें पाहिजे, हा तर्क त्यानें बरोबर केला होता. संगणकाचे जाणकार याहून निराळें कांहीं करीत नाहींत. ते ती वाट एकेक पाऊल चालून पाहतात, इतकेंच.